स्वभावाचं दुखणं आणि महादेवाचा वार

स्वभावाला औषध नाही, हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा म्हटलं त्याला एकदा माझ्यासमोर आणून बसवा. मी त्याला काही बोलणार नाही, कारण परक्या माणसासमोर मला बोलता येत नाही. पण तासभर नुसता बसवून ठेवीन. आमच्या भागात उठता बसता हे वाक्य ऐकायला मिळतं. कुणी संशयापायी बायकोला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाही, स्वभावाला औषध नाही. कुणी सकाळी गळ्यात पडून संध्याकाळी गळा धरतो, स्वभावाला औषध नाही. एवढं म्हटलं की सगळे मोकळे. पुढं कुणी काही करायला नको.

आता हेच वाक्य भाटघरहून माझ्या भाचीसाठी आलं आहे. इंदू माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, सतरा वर्षांची, गेल्या वर्षी भाटघरला दिली. पाहुणे आले की ती गोठ्यात जाऊन बसते. चारचौघांत जेवत नाही. कुणी हाक मारली तर ओ देत नाही. तिच्या सासूचा निरोप आला, "पोरगी घुमी हाय. तुमच्या घराण्यातच हाय हे. मावशी बी तशीच. स्वभावाला औषध न्हाई." मावशी म्हणजे मी.

म्हणून ही वही लिहिते आहे. तोंडानं हे सगळं सांगायला मला जमणार नाही. इंदूला वाचता येतं आणि मला चौथीपर्यंतचं लिहिता येतं, तेवढ्यात भागवायचं.

एक गोष्ट आधी सांगून ठेवते. यांचं नाव मी घेत नाही आणि लिहीतही नाही. बायकोनं नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं आमच्याकडे मानतात. त्यातून यांचं नाव एका वाराच्या नावात आहे, रविवार आणि मंगळवार यांच्या मधल्या. त्या वाराला मी लग्न झाल्यापासून महादेवाचा वार म्हणत आले. ही एवढीशी गोष्ट मला पुढं फार महाग पडली.

०

मी भोरची. वडील संस्थानच्या कचेरीत शिपाई होते. त्यांनी हौसेनं मला शाळेत घातलं. चौथीच्या परीक्षेला शाळा तपासणारे दिपोटी साहेब आले आणि त्यांनी मला उभं करून धडा वाचायला सांगितला. धडा मला पाठ होता. पुस्तक हातात होतं, अक्षरं दिसत होती, पण तोंड उघडेना. गुरुजी गयावया करून म्हणाले, "घरी पोपटासारखी वाचते, साहेब." साहेब म्हणाले, "मग पोपटाला शाळेत कशाला आणलंत?" सगळा वर्ग हसला. त्यात गुरुजीही हसले, हे मला अजून आठवतं.

चौदाव्या वर्षी हिर्डोशीला लग्न होऊन आले. घर शेतकऱ्याचं, भात आणि नाचणीचं. माणसं वाईट नव्हती. कामाला मी कधी मागं नव्हते. पण बायका पाण्याला निघाल्या की मी मागं राहायची आणि भर उन्हात एकटी जायची. सगळ्यांची जेवणं झाली की चुलीकडं तोंड करून जेवायची. सासूबाई म्हणायच्या, "गोगलगाय हाय ही. पोटात पाय." त्यांना वाटायचं मी मनात काहीतरी शिजवते आहे. मी शिजवत होते ते एवढंच, की आता या मला काय म्हणतील.

इंदू, हे तुला ठाऊक असेल, पण ज्यांना हे होत नाही त्यांना सांगते. हा नुसता लाजाळूपणा नव्हे. लाजाळू मुलगी दोन दिवसांत रुळते. मी आठ वर्षांत रुळले नाही. समोरच्यानं नुसतं बघितलं तरी वाटायचं, माझ्यात काहीतरी खोट आहे आणि ती याला आत्ता दिसली. तो बघत असायचा माझ्यामागच्या म्हशीकडं. हे मला कळायचंही. कळून उपयोग नसायचा.

०

बाविसाव्या वर्षी संक्रांतीला हे सगळं फुटलं. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. कुसुम, माझी मुलगी, दोन वर्षांची होती.

आमच्याच घरी हळदीकुंकू होतं. तिळगुळाचं ताट घेऊन मी माजघरातून बाहेर यायचं होतं. बायका दारात आडव्या उभ्या राहणार आणि नाव घेतल्याशिवाय सोडणार नाहीत, हे ठाऊक होतं. म्हणून मी आठ दिवस आधी उखाणा जुळवून ठेवला होता आणि गोठ्यात म्हशीसमोर म्हणून बघितला होता.

हिर्डोशीच्या खाचरात भाताची रोपं दाट,
—रावांचं नाव घेते, सोडा माझी वाट.

उखाण्यात नाव घ्यायला हरकत नसते. म्हशीनं ऐकून घेतला. बायकांसमोर आले आणि झालं दिपोटी साहेबासारखंच. दारात सातआठ जणी, सगळ्या हसऱ्या, एकीच्याही मनात वाईट नाही. "घे की गं." "अगं लाजती." "रातीला काय म्हणतीस त्यांस्नी?" तेवढ्यावर हशा झाला. माझ्या कानात वारं शिरल्यासारखं झालं, ताट हातातून सुटलं आणि मी शिडी चढून माळ्यावर गेले.

खाली आले नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. सगळे रानात गेले की उतरायची, घोटभर पाणी प्यायची, पुन्हा वर. बोलणं बंद झालं. बंद केलं नव्हतं, ते झालं. कुसुम शिडीखाली उभी राहून "आये, आये" करायची. सासूबाई तिला उचलून न्यायच्या. "नको जाऊ गं. आईचं वारं लागंल."

०

सहाव्या दिवशी देवरुषी आणला. त्यानं मिरच्यांची धुरी केली. मला ठसका लागला. सहा दिवसांत माझ्या तोंडून निघालेला तो पहिला आवाज, तर तो म्हणाला, "बघा, बोललं." परसातल्या कुठल्याशा मेलेल्या बाईनं मला धरलंय आणि तिला कोंबडं पाहिजे, असं ठरलं. मिरचीचा ठसका कुणालाही लागतो, हे त्या घरात एकाला सुचू नये याचं मला आजही नवल वाटतं. कोंबडं त्यानंच नेलं.

मग सासूबाई यांना म्हणाल्या, आणि मला ऐकू यावं असं माळ्याखाली उभ्या राहून म्हणाल्या, "पुढच्या अवसेपोत्तर बघायचं. न्हाईतर वेल्ह्याची सोयरीक हाय. येड्या बाईपायी घर बसवायचं न्हाई. पोरीला म्या संभाळंन."

एक बायको असताना दुसरी करायला तेव्हा कुणाची आडकाठी नव्हती. वेड लागलेली बायको असेल तर लोक उलट कीव करून मुलगी देत. म्हणजे मी अवसेपर्यंत शहाणी ठरले नाही तर घर गेलं आणि कुसुमही गेली. मी वर पडून सगळं ऐकत होते. मी ऐकते आहे, मला सगळं समजतं आहे, एवढं ओरडून सांगितलं असतं तरी भागलं असतं.

हे काहीच बोलले नाहीत. आमच्या घरात मी बोलत नाही त्याला घुमी म्हणतात आणि हे बोलत नाहीत त्याला गंभीर म्हणतात. पण दुसऱ्या सकाळी यांनी गाडी जुंपली. शिडीवरून वर आले आणि म्हणाले, "चल. भोरला डाक्टरला दाखवू." माझं डोकं पदरानं पुरतं झाकलं आणि खाली आणलं. कुसुमकडं बघू दिलं नाही, घाईत होते. तेवढा राग मी अजून सोडलेला नाही.

भोरच्या दवाखान्यात चिठ्ठी मिळाली पुण्याच्या मोठ्या इस्पितळाची. सर्व्हिस मोटारीत नसरापूरपर्यंत मी यांच्या खांद्याआड तोंड लपवून होते. नसरापूरला कुणीतरी विचारलं, "काय झालंय बाईंना?" हे म्हणाले, "दात दुखतोय." एवढ्या सगळ्यात मला हसू आलं. पदराआड होते म्हणून कुणाला दिसलं नाही.

०

इस्पितळात एक तरुण डॉक्टर होता. तो आपल्याकडचा नव्हता, मराठी मोडकीतोडकी बोलायचा. यांना त्यानं बाहेर बसवलं आणि मला एकटीला खुर्चीवर. खुर्चीवर मी जन्मात बसले नव्हते. धीर करून मी मनाशी ठरवलं, की विचारील त्याचं उत्तर द्यायचं. कुसुमसाठी द्यायचं.

त्यानं विचारलं, "नवऱ्याचा नाव काय?"

आता काय करावं? खरोखर, जगात हजार प्रश्न असतील. मी खाली बघितलं.

"नवऱ्याचा नाव माहीत नाही?"

मी खाली बघितलं.

"बरं. आज वार कोणता?"

आणि तो नेमका तोच वार होता. मी सगळं बळ एकवटून, घाम पुसून म्हटलं, "महादेवाचा."

त्यानं मान वर केली. "कोण?"

"महादेव."

"महादेव आला आहे? इथं?"

मला वाटलं, देव सगळीकडं असतो म्हणतात, नाही कसं म्हणायचं? मी मान हलवली. त्यानं बराच वेळ इंग्रजीत लिहिलं.

अशा रीतीनं, नवऱ्याचं नाव ठाऊक नाही, वार ठाऊक नाही आणि देव दिसतात, असा कागद माझ्या नावावर झाला. यांना विचारलं असतं तर एका वाक्यात उलगडा झाला असता. पण हे बाहेर गंभीर बसले होते. मला आत घेतलं आणि मागं दाराला कडी लागली.

०

पहाटे घंटा व्हायची. ओळीनं तोंड धुणं, मग पेज, मग घोंगड्या झाडायच्या. ज्यांचे हात चालतील त्यांना तांदूळ निवडायला बसवत. दुपारी पुन्हा घंटा. मी तांदूळ निवडत असे. निवडण्यात मी हुशार. खडा हाताला लागायच्या आधी मला दिसतो.

जेवण सगळ्यांच्या ओळीत असायचं. दोन दिवस माझं ताट भरलेलं परत गेलं. तिसऱ्या दिवशी गोदाबाईनं, म्हणजे आमच्या खोलीवरच्या दाईनं, माझं ताट उचललं आणि भिंतीकडं तोंड करून मांडलं. "हितं बस. भित काय बघत न्हाई." मी जेवले. इस्पितळात मला गोळ्या दिल्या, काढे दिले, ते विसरले. ते ताट विसरले नाही.

गोदाबाई सगळ्यांना नावं ठेवायची. एक बाई दाराशी उभी राहून कोण कुणाशी बोलतं ते बघायची. पेजेत कुणी काही कालवतं म्हणून आधी दुसरीला चाखायला लावायची. ती कोतवालीण. दुसरी दिवसभर पाण्याचे तांबे घासायची, ते एका रेघेत लावायची आणि कुणी एक तांब्या हलवला की रडकुंडीला यायची. ती तांब्याबाई. तिसरी सकाळी माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "तू माझी पाठची बहीण." संध्याकाळी मी दुसऱ्या बाईला पाणी दिलं तर मला सटवी म्हणाली आणि स्वतःचा हात भिंतीवर आपटून घेतला. ती गूळमिरची. माझं नाव काय असेल? गोगलगाय. घरचंच नाव माझ्याआधी इथवर येऊन बसलं होतं.

या तिघींनी मला इतकं पिडलं की घर बरं वाटायला लागलं. पण बघता बघता एक ध्यानात आलं. पलीकडच्या खोलीत ज्या हवेशी बोलायच्या, त्यांच्यासारख्या या नव्हत्या. यांना वार ठाऊक होता, नवरा ठाऊक होता. मला तर दोन्ही ठाऊक होतं.

०

आठवड्यानं पुन्हा तोच वार आला. तांदूळ निवडता निवडता गोदाबाईनं सहज विचारलं, "आज वार काय गं?"

"महादेवाचा," मी हळूच म्हटलं. तिच्याशी मला एखादा शब्द बोलता येऊ लागला होता.

तिचा हात थांबला. माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं माझ्या कानाशी तोंड आणून यांचं नाव घेतलं. "हेच हाय व्हय मालकाचं नाव?"

मी लाजून मान खाली घातली.

गोदाबाई सूप बाजूला ठेवून हसली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं माझ्या बाई. माझ्या सासऱ्याचं नाव तुळशीराम. म्या जलमभर तुळशीला हिरवं झाड म्हणत्ये. आन् तुला ह्यापायी कोंडलीया?" ती तशीच उठली आणि डॉक्टरीणबाईंकडं गेली.

०

डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, आपल्याकडच्या, नऊवारी नेसणाऱ्या. आठवड्यातून दोनदा यायच्या. त्यांनी कागद वाचला, कपाळाला हात लावला आणि मला खुर्चीवर न बसवता स्वतःच चटईवर माझ्याशेजारी बसल्या. समोर नाही, शेजारी. दोघींचं तोंड भिंतीकडं. त्यांनी विचारलं आणि मी पुष्कळ सांगितलं.

त्यांनी जे समजावलं ते मला जेवढं कळलं तेवढं लिहिते.

त्या म्हणाल्या, "तुला वेड लागलेलं नाही. तुझं दुखणं स्वभावाचं आहे." मी म्हटलं, स्वभावाला औषध नसतं. त्या म्हणाल्या, "औषध नसेल. वळण असतं. अक्षराला लावतात तसं."

स्वभाव सगळ्यांना असतो, त्याला दुखणं म्हणत नाहीत. कुठंही जा, कुणाशीही गाठ पडो, ज्या माणसाला वागायची एकच वाट सुचते आणि त्या वाटेपायी त्याचं किंवा घरच्यांचं जिणं अवघड होतं, त्याला दुखणं म्हणायचं. ते एका दिवसात येत नाही, लहानपणापासून मुरत येतं. म्हणून माणसाला स्वतःला ते कळतच नाही. त्याला वाटतं, मी असाच आहे.

याचे प्रकार असतात. कोतवालिणीला सगळं जग दगा देणार असं वाटतं, भलं केलं तरी त्यात डाव दिसतो. तांब्याबाईला सगळं नेमात पाहिजे, नेम मोडला की तिचा श्वास अडतो. गूळमिरचीला एकटं पडायची भीती एवढी, की माणूस सोडून जाईल म्हणून तीच आधी चावते. आणखी असतात. कुणाला सगळ्यांनी आपल्याकडंच बघावं असं वाटतं. कुणाला पोळी कशी भाजू हेही दुसऱ्यानं सांगावं लागतं. कुणी दुसऱ्याला फसवतो, मारतो आणि त्याला त्याचं काहीच वाटत नाही. आणि कुणाला माणसांची गरजच नसते, एकटं बसण्यात त्याला सुख असतं.

"मी ती शेवटची," मी म्हटलं.

"तू नाहीस," त्या म्हणाल्या. "त्याला माणसं नको असतात. तुला हवी असतात. बायका पाण्याला जाताना तू दाराआडून बघत होतीस ना?"

हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. मी रडले. मला माणसं हवी आहेत, हे मला बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

मग मी म्हटलं, सासूबाई पण कोतवालीण आहेत आणि हे ते एकटं बसणारे. बाई हसल्या. "हेच होतं. प्रकार कळले की माणूस घरभर चिकटवत सुटतो. सासू संशयी असेल, पण तिचं घर चाललंय ना? नवरा बोलत नाही, पण तुला इथं कुणी आणलं? आम्हा डॉक्टरांतसुद्धा या प्रकारांवर एकमत नाही. तू कशाला निवाडा करतेस?"

तरी सासूबाईंच्या बाबतीत माझं मत मी पुरतं बदललेलं नाही.

०

वळण लावायचं म्हणजे काय, तर रोज एका माणसाला एक प्रश्न विचारायचा. पहिल्या दिवशी गोदाबाईला. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला, "आज दूध उशिरा का?" एवढं विचारायला मी सकाळपासून दुपारपर्यंत वेळ घेतला आणि तो म्हणाला, "म्हस आटली." झालं. जग बुडालं नाही. याचा मला आनंद व्हायच्या ऐवजी संताप आला. एवढ्यासाठी मी आठ वर्षं उन्हात पाणी भरलं?

मग ताट एक वीत भिंतीपासून वळवायचं. रोज एक वीत.

अवस तीन दिवसांवर आली तेव्हा हे न्यायला आले. पण पहिला कागद खोडायचा तर मोठ्या डॉक्टरांसमोर पुन्हा जायला हवं होतं. टेबलापलीकडं मोठे डॉक्टर, तो तरुण डॉक्टर आणि एक कारकून. तिघं पुरुष. डॉक्टरीणबाई खिडकीशी. वार? अर्थात तोच. माझं नशीब असंच आहे.

"आज वार कोणता?"

मी खिडकीकडं बघितलं. बाई माझ्याकडं बघत नव्हत्या, मुद्दाम बाहेर बघत होत्या. मी म्हटलं, "काल रविवार झाला. उद्या मंगळवार. मधला तुम्हीच लिहून घ्या."

कारकून खाली मान घालून हसला. तो आपल्याकडचा असणार.

"नवऱ्याचं नाव?"

नुसतं नाव घ्यायला माझी जीभ तेव्हाही वळली नाही. मी उभी राहिले, टेबलाची कड धरली आणि डोळे मिटले. समोर म्हैस आहे असं समजले.

"हिर्डोशीच्या खाचरात भाताची रोपं दाट," माझा आवाज चिरकला, तरी थांबले नाही, "—रावांचं नाव घेते, सोडा माझी वाट."

दाराबाहेर गोदाबाई होती. तिनं "घ्या" म्हटलेलं सगळ्यांना ऐकू गेलं. तरुण डॉक्टरानं डॉक्टरीणबाईंना विचारलं, ही काय म्हणाली? बाई म्हणाल्या, "नवऱ्याचं नाव सांगितलं आणि घरी सोडा म्हणाली. दोन्ही बरोबर आहे."

०

घरी आलो तर ओट्यावर वेल्ह्याची माणसं. सासूबाईंनी अवसेचीही वाट पाहिली नव्हती. एक म्हातारे गृहस्थ मध्ये बसले होते, मुलीचे आजोबा. सगळे आमच्याकडं बघायला लागले. परसदारानं आत जायला वाट होती. पाय तिकडंच वळले होते.

मी आत गेले, पण परसातून नाही, पुढच्या दारानं. पाण्याचा तांब्या भरला आणि बाहेर येऊन म्हाताऱ्यांसमोर ठेवला. ठेवताना निम्मं पाणी ओट्यावर सांडलं.

म्हातारे म्हणाले, "पोरी, नाव काय तुझं?"

मी माझं नाव सांगितलं. मग वळणाप्रमाणं एक प्रश्नही विचारला. "गूळ आणू का पाण्याबरोबर?"

त्यांनी सासूबाईंकडं बघितलं. "आमाला सांगितलं की मुकी हाय, येडी हाय. ही तर गूळ इचारती." पाणी प्याले, टोपी सारखी केली आणि उठले. "येतो आमी. आमची पोरगी काय वाटंवर पडल्याली न्हाई."

सासूबाई म्हणाल्या, "आता बरी बोललीस. मग इतके दिस काय झालं हुतं?" आणि चुलीकडं वळून, "स्वभावाला औषध न्हाई, हेच खरं." मी कुसुमला कडेवर घेतलं. तिनं मला आधी ओळखलं नाही. मग ओळखलं.

इंदू, मी बरी झाले असं लिहीत नाही. अजूनही परका माणूस आला की पहिले पाय परसाकडं वळतात. मी ते फिरवते, एवढंच. रोज फिरवावे लागतात आणि त्याचा कंटाळा येतो, हेही लिहून ठेवते.

०

आता शेवटची गोष्ट, आणि ही चूक माझी आहे. गेल्या महिन्यात मी भाटघरला कार्ड टाकलं. भोरच्या दवाखान्यात हल्ली एक समजूतदार डॉक्टर आहेत, त्यांना इंदूला दाखवावं म्हणून. लिहिलं, "महादेवाच्या वारी इंदूला पाठवा." त्या घरात वाचता येणारं इंदूशिवाय कुणी नाही आणि तिला कोण विचारतं? शेजाऱ्यानं वाचून दाखवलं. त्यांना वाटलं, मावशीनं महादेवाची वारी करायला सांगितली आहे. त्यांनी त्या पोरीला अनवाणी डोंगर चढवून महादेवाला नेलं, यात्रेच्या गर्दीत उभी केली आणि सगळ्या लोकांसमोर कौल लावला. ती तिथंच चक्कर येऊन पडली. आता खोलीबाहेर येत नाही.

तरुण डॉक्टराला मी दहा वर्षं मनातल्या मनात बोल लावत आले. त्याला निदान भाषा येत नव्हती.

काल नवीन कार्ड घेऊन ओट्यावर बसले. टाक तसाच हातात. हे समोर दावं वळत होते. वळता वळता म्हणाले, "लिही की."

मी म्हटलं, "त्या वाराचं नाव लिहावं लागतंय."

"मग लिही. त्यानं मी काय मरतोय व्हय?"

मी लिहिलं. कुसुम पाठीमागून वाचत होती, ती म्हणाली, "आये, तू आबांचं नाव लिहिलंस."

"नाव नाही. वार लिहिलाय," मी म्हटलं.

मंगळवारी इंदूला घेऊन मी भोरला जाणार आहे. तिच्या वतीनं डॉक्टरांशी मी बोलायचं आहे. काय बोलायचं ते आत्तापासून गोठ्यात म्हशीसमोर म्हणून बघते आहे. कार्डात काय लिहिलं ते इथं उतरून ठेवते.

"इंदूला सोमवारी पाठवा. देवाला नव्हे, माझ्याकडे. सोमवारी."